टपावरच्या पापड्या

रविवार, १९ एप्रिल, संध्याकाळ

आठवडाभर डोकं खाल्लं त्या बॅटरीने! एवढं ऊन, जुन्या कॅम्पर व्हॅनच्या टपावर सोलर पॅनल, तरी ऑफिसातून येऊन बघावं तर बॅटरी अर्धीच. आधीच्या मालकाने फसवलं? की मलाच कळत नाही? गाडी आणली तेव्हा आई म्हणाली होती, "डबडं आणलंस." तेव्हापासून गाडीबद्दल एक शब्द नाही.

आज बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा नवा कंट्रोलर घ्यायला कॅम्प दोनच्या बाजारात गेले, तर दुकानातले सिंधी काका देईचनात. "मॅडम, पहले ऊपर चढके देखो. कोपरा झाकला तरी अख्खा पॅनल झोपतो."

घरी येऊन गाडीच्या मागच्या शिडीने वर चढले. पॅनलभर प्लॅस्टिक, त्यावर साबुदाण्याच्या पापड्या!

"गच्चीत कबुतरं येतात गं," आई खालून म्हणाली. "ही काच मस्त तापते. तू यायच्या आत काढते मी रोज."

म्हणजे ही रोज डबड्यावर चढत होती!

पापड्या उचलल्या आणि चार्जिंगचा आकडा सरसर चढला. आता आई गाडीतल्या पंख्याखाली पाय पसरून बसली आहे. आत्ताच विचारलं तिने, "दुसरं पॅनल कधी लावतेस? कुरडया राहिल्यात."