साडूची सिस्ट आणि माझी

३ मार्च, संध्याकाळ
पोटाची सोनोग्राफी झाली. लिव्हरमध्ये सिस्ट. चार सेंटीमीटर. सोनोग्राफीवाल्या बाई म्हणाल्या, पाण्याची पिशवी आहे, भिंत पातळ, आत काळंकुळकुळीत म्हणजे निव्वळ पाणी, काही करायचं नाही. शांतपणे ऐकून घेतलं. मी खचणाऱ्यांतला नाही. घरी सगळ्यांना बसवून सांगितलं. बायकोने डोळे पुसले. कांदा चिरत होती, पण तेवढ्यामुळे नव्हे.

५ मार्च
सकाळपासून फोन. मेहुणी फळं घेऊन आली. साडू म्हणाला, दादा, विश्रांती घ्या. साडू गुरांचा डॉक्टर. दाट केस, सासूबाईंचा लाडका. पण लिव्हरच्या बाबतीत मी पुढे गेलो. निश्चय: गर्व करायचा नाही.

११ मार्च
साडूनेही सोनोग्राफी केली. म्हणे उजवीकडे दुखतं. सरळसरळ नक्कल. त्यालाही सिस्ट. नऊ सेंटीमीटर.

१२ मार्च
नुसती नऊ नव्हे, तिच्या पोटात पिल्लं आहेत. मोठ्या पिशवीत लहान पिशव्या, आणि आतला पापुद्रा सुटून तरंगतोय. याला हायडॅटिड म्हणतात. कुत्र्यांच्या पोटातल्या जंतामुळे होते. बाईंनी शेजारच्या खोलीतून दोन डॉक्टरांना बोलावून दाखवली. माझ्या वेळी एकट्याच होत्या आणि मध्ये फोनही घेतला. साडूचा लगेच सीटी स्कॅन. बायको दोन दिवस बहिणीकडे. फळंही गेली.

१५ मार्च, सकाळी ११
मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, माझीही तशीच नसेल कशावरून? ते म्हणाले, तुमच्या फिल्ममध्ये पापुद्रा नाही, पिल्लं नाहीत, भिंत जाड नाही. कुत्र्यांशी संबंध येतो का? म्हटलं, घनिष्ठ. अगदीच खोटं नाही. खालच्या मजल्यावरचा कुत्रा रोज माझ्यावर भुंकतो. एमआरआय लिहून दिला. जिंकलो.

१६ मार्च
खोटं अंगावर राहू नये म्हणून कुत्र्याला थोपटायला गेलो. मनगटाला चावला. इंजेक्शनं सुरू. बायकोला सांगितलं, दार लागलं. तिने दातांचे ठसे मोजले.

२० मार्च
एमआरआय. बोगद्यात पडून अर्धा तास ठोकाठोकी ऐकली. श्वास रोखा म्हणाले की सांगितल्यापेक्षा जास्त रोखला. साडूचा नुसता सीटी झाला होता, याची नोंद असावी.

२१ मार्च
रिपोर्ट: साधी सिस्ट. उपचारांची गरज नाही. डॉक्टर म्हणाले, अभिनंदन. म्हटलं, पुन्हा एकदा नीट बघा. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

८ एप्रिल, सकाळी ८
आज साडूचं ऑपरेशन. महिनाभर गोळ्या झाल्या. जायचं नाही असं ठरवलंय. गर्दीत आणखी एकाची भर कशाला?

८ एप्रिल, दुपार
बायकोने शर्ट काढून ठेवला होता, म्हणून गेलो. साडूने सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मला थांबवलं. वाटलं, आता सीटीच्या फिल्म दाखवणार. मनात उत्तर तयार ठेवलं. तो हळूच म्हणाला, दादा, काढताना सिस्ट फुटली तर आतलं सगळं पोटात पसरतं. मी जनावरांत बघितलंय. हिला सांगितलेलं नाही. माझं काही बरंवाईट झालं तर हिच्याकडे तुम्हीच बघा.
त्याचा हात हातात घेतला. उत्तर आठवेना. म्हटलं, मी इथेच बसतो, हलत नाही.
चार तास बसलो. मेहुणी सारखी विचारत होती, ते काय म्हणाले? सांगितलं, फळं संपवा म्हणाला.

८ एप्रिल, संध्याकाळी ६
सिस्ट न फुटता निघाली. सर्जननी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मला रडू फुटलं. बायकोने विचारलं, पोटात दुखतंय का? नाही म्हटलं.
साडू शुद्धीवर आला आणि त्याने पुसट आवाजात विचारलं, दादांची तब्येत कशी आहे? सासूबाई, मेहुणी, बायको, नर्स, सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. इतकी माणसं आणि मला सांगण्यासारखं काही नव्हतं.
म्हटलं, बरी आहे.