बुंदी माझ्या हातचं खाईना

बुधवार पेठ, सोलापूर
९ जानेवारी २०२५

चि. संघप्रियास,

सप्रेम जय भीम. आम्ही दोघी ठीक. नाशिकच्या थंडीत कानाला रुमाल बांधतेस ना? बांध. तुझे कान लहानपणापासून नाजूक, आणि स्वभाव तर त्याहून नाजूक.

पत्र बघून हसू नकोस. व्हॉट्सॲपवर मी काही मोठं लिहिलं की तू अंगठा दाखवून मोकळी होतेस. पत्राला अंगठा दाखवता येत नाही. फोन करू नकोस म्हटल्याचा तुला राग आलाय, हे आईनं सांगितलं. तर कारण नीट ऐक. रेवणप्पा डॉक्टर म्हणाले, कुत्री गाभण आहे, उड्या मारू देऊ नका. आणि फोनमधून तुझा आवाज आला की बुंदी काय करते ते तुला माहीत आहे. दाराकडे पळते, दारावर दोन पाय ठेवून उभी राहते, परत फोनकडे, परत दाराकडे. एवढं पोट घेऊन! म्हणून फोन नको. आईच्या फोनवरही नको, तिला स्पीकर बंद करता येत नाही.

बाकी बाईसाहेबांची चैन आहे. शेजारच्या मायाप्पांचा काळ्या, म्हणजे आपला जावई, रोज फाटकाशी येऊन डोकावून जातो. एक्स-रे काढला. सात तरी पिल्लं आहेत म्हणाले. आई तर डोहाळजेवण करायला निघाली होती, मीच अडवलं. गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

एक लिहिते, राग मानू नकोस. तू नोकरीला गेल्यापासून हिला फिरवते मी, अंघोळ घालते मी, अंगावरच्या गोचड्या वेचते मी. कारखान्यात दिवसभर शाळेचे गणवेश कापून पाठीचा खुळखुळा झालेला असतो, तरी घरी आल्या आल्या हिची भाकरी दुधात कुस्करते मी. आणि गल्लीत कुणी विचारलं की आई काय सांगते? "आमच्या प्रियाची बुंदी हाय ती." जळते मी. स्पष्टच लिहिते, जळते तुझ्यावर.

सध्या तिचं खाणं जरा कमी झालंय. आई म्हणते, "डोहाळं हायती. आन् शेवटाला कमी खाल्ल्यालं बरंच की. पिल्लं ल्हान ऱ्हात्यात, सुटका लवकर हुतीया." आपल्या दोघींच्या वेळी तिनं असंच केलं होतं म्हणे. मलाही ते पटलं. तू काळजी करू नकोस.

तुझी ताई,
दीक्षा


१५ जानेवारी

प्रिया,

खुशाली वगैरे नंतर. मी रेवणप्पा डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकड्यावर बसलेय. कंपाउंडरकडून कागद मागून घेतला. बुंदीला सलाईन लावलंय आणि माझा डावा हात तिच्या पायावर आहे, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायाचं आलंय.

तिनं खाणं पार सोडलं होतं. मी म्हटलं, गड्ड्याची जत्रा सुरू आहे, भोंग्यांनी बिथरली असेल. आज सकाळी हाक मारली तर उठेचना. पाय लटपटत होते, अंग थरथरत होतं, आणि तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा वास. उचलून रिक्षात घातली. आई मागून नुसती "अगं बाय, अगं बाय" करत होती.

डॉक्टर आईला काही बोलले नाहीत, मलाच झापलं. "बाई, कमी खायला घाला म्हणून तुम्हाला सांगितलं कुणी? आत सात जीव ओढाय लागलेत. वरून मिळालं नाही की ही आपली स्वतःची चरबी जाळते, आणि त्याचं विष रक्तात उतरतं. पोटात जागा नाही म्हणून एका वेळी घास दोन घास द्या, पण दिवसभर देत राहा की!" सलाईनमधून साखर चालली आहे, पण तो नुसता टेकू आहे म्हणाले. उद्यापर्यंत स्वतःहून खायला लागली तर निभावेल. नाही लागली तर दिवस भरायच्या आत पोट उघडून पिल्लं काढायची. मग पिल्लं जगतील याची खात्री नाही, आणि हिचीही नाही.

उकडलेलं चिकन धरलं, अंडं धरलं, भात धरला. तोंड फिरवते. माझ्याकडं बघून तोंड फिरवते गं.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. त्याच्या आदल्याच दिवशी आईनं तुझा जुना व्हॉइस मेसेज लावला होता, करमाळ्याच्या लग्नाला काय नेसायचं असलं काहीतरी. बुंदीनं कान टवकारले आणि समोरची भाकरी मटामटा खायला लागली. मी आईच्या हातातून फोन काढून घेतला. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की गं, खायालीय ती." मी म्हटलं, उड्या मारेल. ती उड्या मारत नव्हती, प्रिया. बसून खात होती.

मला तिनं माझ्यासाठी खायला हवं होतं. तुझ्यासाठी नको.

आणि अजून एक. तू फोन करतेस तेव्हा तुझा पहिला शब्द काय असतो? "बुंदी कशी आहे?" मग, "बुंदी जेवली?" मग, "दे बरं बुंदीकडे." दिवाळीत मला ताप होता. तू रोज फोन केलास. मी म्हटलं, आवाज बसलाय माझा. तू म्हणालीस, "ताई, तिकडं थंडी पडली असेल, बुंदीखाली गोधडी घाल." घातली. माझीच घातली. तुझ्यावर जळते असं लिहिलं ते अर्धंच होतं. त्याहून जास्त मी हिच्यावर जळते. कुत्रीवर जळणारी बाई बघितलीस का कुठं? ही बघ, तुझ्याच घरात आहे.

आणि तिच्यावर जळते तरी ती मरायला नको मला. अजिबात नको.

डॉक्टर हाक मारतायत. राहू दे हे पत्र. फोनच करते.


१८ जानेवारी

चि. प्रिया,

सप्रेम जय भीम. सोबत दवाखान्यात लिहिलेला कागद ठेवलाय. फाडणार होते, मग म्हटलं जाऊ दे. वाच, पण आईला फोनवर वाचून दाखवू नकोस.

त्या दिवशी मी तुला फोनवर फक्त "बुंदी माझ्या हातचं खाईना, तिच्याशी बोल" म्हणाले आणि फोन तिच्या कानाशी धरला. तुला वाटलं असेल, ताई बाजूला झाली. कुठं जाणार? एका हातात तिचा सलाईनचा पाय, दुसऱ्या हातात फोन. तू रडत रडत तिला म्हणालीस, "बुंदे, ताईच्या हातचं खा गं. मी रुसून खाटेखाली जाऊन बसायचे, तर ताई मोठी घोडी होऊन पण खाटेखाली सरपटत यायची. तिखट लागतंय म्हटलं की भाकरीवरची शेंगाचटणी आपल्या ओढणीनं पुसून मला भरवायची. तिच्या हातचं कधी सोडायचं नसतं, बुंदे."

सगळं ऐकलं मी. मलाही स्पीकर बंद करता येत नाही असं समज. आणि इतकं आठवतं तुला, तर मला कधी बोलली का नाहीस, गाढवे? कुत्रीला सांगितलंस!

मी चिकनचा तुकडा पुढं केला. तिनं आधी फोन चाटला. मग माझी बोटं हुंगली, चाटली आणि तुकडा घेतला. मग दुसरा. डॉक्टर म्हणाले, "आता हात थांबवू नका बाई." मी काय थांबवते! डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी चिकन तोडत होते. कंपाउंडर हसला असेल तर हसू दे.

आता ती घरी आहे. मी रजा टाकली. सारखं थोडं थोडं भरवत असते. आई वाटी घेऊन मागं मागं फिरते आणि म्हणते, "खा गं माझे बाय, मीच खुळी." काल लघवी तपासली, विष कमी झालंय. पोट उघडायची घाई आता नाही. पुढच्या आठवड्यात कधीही कळा सुरू होतील. पण अंगातली ताकद गेलीय, सात पिल्लं तिला एकटीला झेपतील का हे डॉक्टरही सांगत नाहीत. रिक्षावाल्याला सांगून ठेवा म्हणाले. सांगून ठेवलंय.

रोज फोन कर. दोनदा कर. मी स्वतः तिच्या कानाशी धरीन. तिला तुझा आवाज लागतो आणि माझा हात लागतो, आता त्याला काय करणार? माझी जळजळ गेली असं मात्र समजू नकोस. ती फोन चाटायला लागली की अजून मनात येतं, फोन माझा आहे गं मेले.

रजा मिळाली तर ये. पिल्लं व्हायच्या आधी ये. गल्लीत शिरलीस की तिला वास येईलच, दाराकडे झेप घ्यायला बघेल. मी तिला पोटाशी घट्ट धरून बसेन. तू फक्त एवढं कर, उंबऱ्यात पाऊल ठेवलंस की पहिली हाक मला मार. एकदाच मार. मग सोडते मी तिला.

तुझी, बुंदीच्याही आधीपासूनची,
ताई