नीलूचे एकशे पाच दिवस

९ फेब्रुवारी

कंबर धरली आहे. आज एकोणऐंशीवा दिवस. अजून सव्वीस.

माझ्या सुनेच्या, कोमांगच्या माहेरी रीत अशी, की बाळाचे पाय एकशे पाच दिवस जमिनीला लागू द्यायचे नाहीत. मग मोठी पूजा करून पहिल्यांदा टेकवायचे. पूजा सात मार्चला. ऐकायला छान वाटतं, पण तोवर नातीला, नीलूला मांडीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून पाळण्यात करणारी मी. सून वरच्या खोलीत लॅपटॉपवर, मुलगा शंतनू ऑफिसात, बाहेर बर्फ. अमेरिकेतल्या या डब्लिनमध्ये दिवसभर रस्त्यावर माणूस दिसत नाही.

दुपारी मात्र तासभर बरा जातो. कोमांग काम थांबवून नीलूला दूध पाजते आणि तिच्याशी बोलत बसते— तिच्या बेटाच्या भाषेत. नुसा पनिदा म्हणजे बालीसमोरचं छोटंसं बेट. बाळाच्या खोलीतला आवाज खाली ऐकवणारा बेबी मॉनिटर ओट्यावर असतो, मी भाजी चिरता चिरता ऐकते. कळत काडीचं नाही. पण एरवी हळू, अदबीने बोलणारी ही मुलगी त्या भाषेत कशी मोकळी, ठसक्यात बोलते! जणू दुसरीच कोणी.

११ फेब्रुवारी

भाकरी जळली. मॉनिटर ऐकत होते.

१५ फेब्रुवारी

कोमांगच्या आईचा व्हिडिओ कॉल. बाई समुद्रातलं शेवाळ लावतात, वाळवून विकतात. हात माझ्यापेक्षा काळे आणि पक्के. नीलूला बघून भरभर काहीतरी बोलल्या. मी विचारलं, काय म्हणतात? कोमांग म्हणाली, "आई, शी सेज— मला ही एकच बोली येते. बाळाला ती कळली नाही तर मी माझ्या नातीशी बोलू कशी?"

मी त्यांना मान हलवून सांगितलं, येईल, येईल. मराठीत. त्या हसल्या. दोघी आज्यांना एकमेकींचं एक अक्षर कळत नाही, तरी मी शब्द दिल्यासारखी मान हलवली आणि त्या तो मिळाल्यासारख्या हसल्या.

२२ फेब्रुवारी

काय करून बसले मी!

पूजेचं ठरवायला जवळच्या कोलंबस शहरातलं एक बाली जोडपं आलं होतं. मूळचे देनपसारचे, म्हणजे तिथल्या मोठ्या शहरातले. नैवेद्याच्या पानांच्या टोपल्या कशा विणायच्या हे त्या बाईंना येतं, म्हणून कोमांगनेच बोलावलेलं. ती नीलूला घेऊन वर गेली होती. मॉनिटरवर तिचं बोलणं सुरू झालं आणि माझ्या अंगात कौतुक संचारलं. मी आवाज वाढवला. म्हटलं, "लिसन, लिसन, युवर लँग्वेज!" घरी पाहुणे आले की सुनेचं कौतुक ऐकवायची आपली सवय. मला वाटलं, बाली ती बाली, खूश होतील.

दोघं एकमेकांकडे बघून हसले. बाई म्हणाल्या, "ओह, आयलँड स्पीच. व्हेरी रफ. लाइक शाउटिंग फ्रॉम अ बोट." नवऱ्याने तर एक वाक्य नक्कल करून म्हणून दाखवलं. वाईट माणसं नाहीत. पण हसले.

जिन्यात कोमांग उभी होती. किती वेळ, ठाऊक नाही. खाली येऊन तिने त्यांच्याशी अगदी हळू, गोड आवाजात वेगळीच, त्यांच्या शहरी वळणाची भाषा बोलायला सुरुवात केली. सगळ्यांना चहा दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

२४ फेब्रुवारी

मॉनिटरवर दोन दिवस फक्त इंग्रजी. "गुड गर्ल. ड्रिंक, स्वीटी." बस. दुपारचा तास पाच मिनिटांत संपतो.

२६ फेब्रुवारी

शंतनूला सांगितलं. तो म्हणाला, "आई, सोड ना यार. इंग्लिश तर येणारच आहे तिला. उगाच प्रेशर नको देऊस."

मग मीच कोमांगला विचारलं. ती कपडे घडी करत होती. म्हणाली, "बालीला गेली की तिला हसतील, आई. मला हसले, ओके. तिला नको." मी कणीक मळायला घेतली.

मला माहीत नाही का हसणं म्हणजे काय? शहाऐंशी साली मूर्तिजापूरहून लग्न होऊन पुण्यात आले. पहिल्याच हळदीकुंकवाला नणंद सगळ्यांसमोर माझी नक्कल करत होती— "मले नाई पायजे, तुले घे." बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. सहा महिन्यांत जीभ धुऊन काढली. इतकी, की माहेरी गेल्यावर आई म्हणाली, "तू तं आता परक्यावानी बोलतं वं बाई." तेव्हा मला हे ऐकून बरं वाटलं होतं, याची आज लाज वाटते. शंतनू झाला तेव्हा तर सगळं पुसून टाकलं होतं. त्याच्या कानावर मी एक शब्द पडू दिला नाही. आई गेली त्यानंतर बोलायला कुणी उरलंही नाही.

१ मार्च

कोमांगच्या आईचा कॉल आला. कोमांग फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आधी आईसमोर नीलूला धरायची.

४ मार्च

माफी मागितली. मोडक्या इंग्रजीत, निम्मी मराठीत. नणंदेचं, हळदीकुंकवाचं, सगळं सांगितलं. कोमांग म्हणाली, "शंतनू नोज?" म्हटलं, नो. "देन स्पीक इट, आई. नीलूला बोला. नाऊ."

तोंड उघडलं. पुण्याचीच मराठी बाहेर आली! चाळीस वर्षांनी माहेरची बोली काय हाक मारल्यावर येणार? कोमांग हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. पण तिनेही बेटाची भाषा काढली नाही.

पाठ फार दुखते आहे. पंधराला माझं विमान. इथून काय बिघडवून जाणार आहे मी.

७ मार्च

पूजा झाली. देनपसारच्या बाई पहाटेपासून राबल्या, टोपल्या सुरेख विणल्या. त्यांच्यावर राग धरवत नाही. नीलूचे पाय जमिनीला लावले तेव्हा तिने बोटं आक्रसून घेतली. मी रडले.

फोनवर बेटावरच्या आजीने नातीला काहीतरी लांबलचक म्हटलं. सगळे थांबले. कोमांगने बाईंकडे बघितलं आणि त्या शहरी, गोड भाषेत उत्तर दिलं. पडद्यावर म्हातारीचा चेहरा एकदम पाहुण्यासारखा झाला. मला तिथे उभं राहवेना. भांडी घासायला गेले.

८ मार्च

इथल्या नियमाने रात्री घड्याळं तासभर पुढे गेली, सगळे झोपलेले. मीच उठले. नीलूला पाय पसरून मांडीवर घेतलं, तेल लावलं. आता जमिनीची धास्ती नाही. ती कुरकुरायला लागली आणि कुठून कोण जाणे, आलं— "रडू नोको वं माह्ये माय. झालं ना आता. पाह्य बरं, कशी तेलकट होऊन राह्यली तू." थांबलेच. मग थांबले नाही. आईची सगळी वाक्यं, जशीच्या तशी, एकामागून एक. नीलू टक लावून बघत होती.

दारात कोमांग. किती वेळ, ठाऊक नाही. आत आली, खाली बसली, नीलूचं दुसरं पाऊल हातात घेतलं. त्यावर तेल चोळलं. मग बोलायला लागली. बेटाचं. ठसक्यात. आम्ही दोघी एकाच वेळी बोलत होतो आणि कुणालाच कुणाचं कळत नव्हतं.

९ मार्च

दुपारचा तास परत तासभर झाला. भाकरी पुन्हा जळली.

१० मार्च

आज शंतनू घरून काम करत होता. मी वर नीलूशी माहेरच्या बोलीत बोलत बसले होते, मॉनिटर खाली ओट्यावर. त्याने स्वयंपाकघरातून कोमांगला ओरडून विचारलं— नीलूजवळ ही कोण बाई आली आहे? आई कुठे गेली?

पस्तीस वर्षांचा झाला माझा मुलगा.