मागचा दिवा

१४ नोव्हेंबर १९७१, राजूर

पोचले एकदाची! एस.टी.च्या टपावर माझी सायकल, आत मी आणि मांडीवर शेजारणीची कोंबडी, अशी वरात संध्याकाळी गावात शिरली. आमच्या शेवगावकडं जिकडं बघावं तिकडं सपाटी, इथं जिकडं बघावं तिकडं डोंगर. हवा इतकी गार की रात्री दोन भाकरी जास्तच गेल्या.

दवाखाना म्हणजे पुढची एक खोली, तिच्यात बाळंतपणाचं टेबल, आणि मागं माझी राहायची खोली. डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार. बाकी ताप, टाके, बाळंतपणं सगळं या फिलोमिना जॉर्जच्या गळ्यात. पप्पांनी निघताना ही वही दिली. म्हणाले, भीती वाटली तर लिहून काढ. भीती कसली? पण वही कोरी कशाला ठेवायची!

तालुक्याच्या गावी, अकोल्याला, बस बदलताना सायकलला दिवा घेतला, कारण रात्री वाड्यांवर जावं लागणार. दुकानदार गोरक्षनाथनं आधी विचारलं, "सडकंनं जानार का पायवाटंनं?" मी म्हटलं, दोन्ही. त्यावर तो म्हणाला की दोन्हीला एक दिवा चालत नाही. सडकेला डायनामो उत्तम. पुढं मोठा दिवा, मागं तांबडा, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसतो. पायवाटेवर मात्र चढाला सायकल ढकलावी लागते, चाक मंदावलं की डायनामोचा दिवा मालवतो, तिथं हातात बॅटरी हवी. पण बॅटरीचे सेल राजूरला कधी मिळतात, कधी नाही. कंदील हँडलला अडकवावा तर पहिल्याच खडकाला काच जायची. मी दुकान डोक्यावर घेतलं आणि शेवटी डायनामो घेतला. माझे पाय चालतात तोवर माझा उजेड, कुणाची मिनतवारी नको. मागचा दिवा बसवताना गोरक्षनाथ पुटपुटला, "पायवाटंला मागचा दिवा कुनाला दावायचा, बाई?" मी म्हटलं, जोडीनं आलाय, जोडीनंच लावा.

१८ नोव्हेंबर

दवाखान्याचा शिपाई बन्सी. वयानं माझ्या पप्पांएवढा, पण रागावतो आईसारखा. त्यानंच इथली एक गंमत दाखवली. अंधार पडला की इथला कुणीही सायकलवाला कॅरियर मोकळा ठेवत नाही. गवताचा भारा, पोतं, काहीच नसेल तर फडक्यात धोंडा बांधतो. का, म्हणून विचारलं तर बन्सी म्हणाला, "मोकळी जागा दिसली का कुनीबी बसतंय." माझी बाळंतपणाची पेटी कॅरियरवरच असते, म्हणून स्वारी माझ्यावर खूश आहे.

टेबलाच्या खणात आधीच्या नर्सची, दया सिस्टरची, बॅटरी सापडली. सेल आतल्या आत पाझरून गेलेत. भिंतीवर तिचा लस टोचतानाचा फोटो आहे, मनगटावर पुरुषी, भलंमोठं घड्याळ. बन्सी म्हणतो, नोकरी सोडून गेली. मग बॅटरी आणि फोटो मागं का ठेवला, असं विचारलं तर त्याला एकदम झाडू मारायचं आठवलं.

आज डोंगरापलीकडच्या वाडीवर चांगुणाला तपासलं. पहिलटकरीण, कमरेनं बारीक. निघताना तिनं माझा हात घट्ट धरला. "बाई, वाटंतनं माघारी न्हाई ना जायच्या?" मी शब्द दिला, काही झालं तरी येईन.

२३ नोव्हेंबर

आज मरता मरता वाचले. सडकेनं येत होते, मागून लाकूडवाल्याची जीप आली आणि अंगाला वारा लावून गेली. ड्रायव्हर थांबून वर मलाच ओरडला की मागं दिवा का नाही. दिवा होता, पण पेटीचं फडकं त्याच्यावर लोंबत होतं. एवढा हौसेनं घेतलेला दिवा झाकून फिरत होते, शहाणीच मी!

आता पेटी पुढं हँडलला अडकवली. मागचा दिवा कसा लख्ख दिसतो. बन्सीनं ते पाहिलं आणि कॅरियरवर धोंडा बांधला. मी तो सोडून अंगणात टाकला. चढावर स्वतःचं वजन ओढताना जीव जातो, त्यात धोंडा कुठं ओढू? बन्सीनं तो उचलून पुन्हा पायरीशी आणून ठेवला. हसू आलं मला.

२८ नोव्हेंबर

चांगुणा सुटली! मुलगा झाला, दोघं खुशाल आहेत.

काल रात्री तिचा नवरा रंगनाथ धापा टाकत आला. चढावर त्यानं माझी सायकल ढकलली. वाडीवर पोचले तर घरात एक चिमणी मिणमिणती, तीही बायकांच्या सावलीत. मूल आडलेलं. मला काही म्हणजे काही दिसेना. मग सुचलं. सायकल घरात घेतली, स्टँडवर चढवली, पुढचा दिवा खाटेकडं वळवला आणि रंगनाथला हातानं पायडल फिरवायला बसवलं. तो घाबरून सारखा थांबायचा आणि अंधार व्हायचा. मी ओरडले, थांबू नको बाबा, बाळंतपणाला माझे दोन्ही हात लागतात, तू फक्त उजेड धर. पहाटेपर्यंत त्यानं चाक थांबू दिलं नाही. पोर रडलं तेव्हा पायडल धरूनच तोही रडला. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

उजाडायची वाट न बघता निघाले. अंगात विजय संचारला होता. फक्त एक झालं. मधल्या उतारावर हिरड्याचं मोठं झाड आहे, तिथून सायकल एकाएकी जड झाली. उतार असून पायडल मारावा लागला. मागची ट्यूब बसली असेल म्हणून उतरून पाहिलं, हवा भरलेली होती. थकले असेन.

३० नोव्हेंबर

सायकल अजून जड आहे. बन्सीनं ती नुसती हलवून पाहिली आणि खाली बसला. मग एकदाचं सगळं बोलला.

तीन वर्षांमागं वाडीवरची एक बाई आडली होती. दया सिस्टर रात्री निघाली, हिरड्यापाशी तिच्या बॅटरीचे सेल संपले. अंधारात पुढं जायचा धीर झाला नाही, ती माघारी फिरली. घरच्यांनी वाट पाहून बाईला झोळीतून दवाखान्याकडं आणायला घेतलं. हिरड्यापाशीच ती गेली, मूल पोटातच राहिलं. तेव्हापासून त्या वाटेला कुणी कॅरियर मोकळा नेत नाही.

मी म्हटलं, बरं, लाव तो तुझा धोंडा. बन्सीनं मान हलवली. "आता काय उपेग? तिला दवाखाना गाठायचा हुता. तुमी गाठून दिला."

मी मिशन हॉस्पिटलात शिकलेली मुलगी, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. तरी आज रोजरीची माळ दोनदा जपली.

३ डिसेंबर

पुढच्या खोलीत रात्री कुणीतरी कण्हतं.

कळा ओळखायला मला शिकवावं लागत नाही. थांबून थांबून येतात, मग जवळ जवळ येतात, आणि ऐन वेळी सगळं शांत होतं. थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून. कंदील घेऊन गेले. टेबलावर कुणी नव्हतं. चादर ओली होती.

५ डिसेंबर

पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. तालुक्याहून ब्लॅकआऊटचा हुकूम आलाय, उजेड बाहेर दिसायला नको. बन्सीनं खिडक्यांना काळा कागद चिकटवला, सायकलच्या दिव्याची वरची अर्धी काच काळी रंगवली. रॉकेल मिळेना. संध्याकाळ झाली की मी डबीत कोंडल्यासारखी बसते.

सायकल भिंतीला टेकवलेली आहे. चाक थांबलेलं आहे. मागचा दिवा तांबडा पेटलेला आहे. डायनामो चाकापासून सोडवून ठेवला, तरी पेटलेला आहे. वर फडकं टाकलं. फडक्यातून दिसतो.

७ डिसेंबर

पळून जायचं ठरवलं. लिहायला लाज वाटत नाही. पप्पांकडं जायचं, नाताळ घरी करायचा, नोकरी गेली खड्ड्यात. दुपारची एस.टी. आलीच नाही, गाड्या फौजेसाठी घेतल्यात म्हणे. मग सायकल काढली. कॅरियरवर ट्रंक बांधली. दोरी सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. ट्रंक टाकून निघाले.

अकोल्याची सडक. अंधार पडला. अर्ध्या काचेतून पुढचं थोडंसंच दिसत होतं. थांबले तर तेही जायचं, म्हणून थांबले नाही. मानेवर श्वास येत होता, उष्ण. पुढं लांब एक तांबडा दिवा दिसला. कुणीतरी सायकलवाला आहे म्हणून जीव भांड्यात पडला. हाका मारत पायडल मारले. तो दिवा वळला, फाटकातून आत गेला, मीही मागोमाग—

दवाखान्याचं फाटक होतं. माझंच.

मी वळलेच नव्हते. देवाशपथ, सडक सोडली नव्हती.

९ डिसेंबर

बाहेरून कडी लावलीय.

दार बडवलं, ओरडले. बन्सी दाराबाहेर होता. रडत होता. म्हणाला, "माफ करा बाई. तिचं सुटल्याबिगर दार उघडायचं न्हाई." ती बाहेर पडली तर चांगुणाच्या पोराकडं जाईल, म्हणे. जिथं नवं पोर रडतं, तिथं ती जाते. ती मेल्यावर दया सिस्टरनंही तिला एकदा अशीच कॅरियरवर आणलं होतं. तेव्हाही बन्सीनंच कडी लावली होती. सकाळी उघडलं तर खोलीत नुसती बॅटरी, विझलेली. सिस्टर कुठंच नव्हती.

"सिस्टरचा उजेड पुरला न्हाई, बाई. तुमचा दिवा इझत न्हाई."

दार बडवायचं थांबवलं. चांगुणाचं पोर माझ्या या हातांवर आलंय. मला फार भीती वाटतेय, पप्पा. फार.

१० डिसेंबर

रॉकेल संपलं. कंदील गेला.

सायकल स्टँडवर घेतली. डाव्या हातानं पायडल फिरवतेय, उजव्यानं लिहितेय. अक्षर वाकडं येतंय. हात थांबला की अंधार, आणि अंधारात ती जवळ—

मधलं दार उघडं आहे. टेबल दिसतंय. ती टेबलावर आहे. पोट दिसतं. तोंड अजून अंधारात आहे, बरंय.

कळा आता जवळ जवळ येतायत. थांबत नाहीत. या वेळी थांबत नाहीत.

ती म्हणते, बाई, या. मी सांगितलं, कशी येऊ? पायडल सोडला तर उजेड जाईल. उजेडाशिवाय नाही जमणार. दोन्ही हात लागतात मला. उजेड धरायला कुणी नाही.

कुणी नाही म्हणूनच मी अजून वाचलेय—

उजाडेपर्यंत फिरवत राहायचं. बस्स. फिरवत राहायचं.

हात भरून आला. बदलला. पुन्हा बदलला. आता दोन्ही—

सुटला. पायडल सुटला हातातून.

उजेड गेला नाही.

चाक फिरतंय. घुं आवाज येतोय. माझा हात मांडीवर आहे आणि पायडल फिरतोय.

पायडलवर हात आहे. मनगटावर मोठं घड्याळ—

दया सिस्टर, नका. नका ना धरू. थांबवा—

थांबत नाही. उजेड लख्ख आहे. ती हसतेय. तोंड दिसलं.

माझे दोन्ही हात आता मोक