साबुदाण्याएवढ्या गाठी

१४ जून २०२३
वापीला पोटाची दुर्बीण तपासणी झाली. थकवा आणि कमी बी-ट्वेल्व्हचं निमित्त, निघालं भलतंच. जठरात गाठी. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. नाव मोठं, गाठी साबुदाण्याएवढ्या. डॉक्टर म्हणाले, "लगेच काढायची गरज नाही, पण नजर ठेवायची. सहा महिन्यांनी परत दुर्बीण." म्हणजे काही नाही. सिल्वासाला येईपर्यंत प्रमिला गाडीत रडत होती. बायोलॉजी मी शिकवतो, ती नाही, हे बायकोला समजावलं.

१५ जून
संकल्प. चहा बंद. तिखट बंद. रोज पहाटे वॉक.

१८ जून
चहा सुरू. एकदम सोडला तर शरीराला शॉक. वॉकला कुत्री आडवी येतात.

२० डिसेंबर
दुर्बिणीची तारीख. शाळेत गॅदरिंग. माझ्याशिवाय नाटक उभं राहत नाही. शिवाय उपाशी राहून नळी गिळायची, आणि ते सांगणार काय, तर आहे तसंच आहे. ते मलाही सांगता येतं. जानेवारीत नक्की.

९ फेब्रुवारी २०२४
बोर्डाची प्रॅक्टिकल्स. सुट्टी लागली की नक्की.

२ मे
गेलो. उन्हात कशाला, म्हणून प्रमिलाला घरीच ठेवलं. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बसून राहिलो. समोर व्हीलचेअरवर एक बाई, नाकात नळी. आत जावंसं वाटेना. वाटेत सामरवरणीला उसाचा रस घेतला आणि परत. प्रमिलानं दारातच विचारलं, "अहो, काय म्हणाले?" म्हटलं, "क्लिअर." तिनं देवापुढे साखर ठेवली. हे खोटं नव्हे. रिझल्ट फक्त आधी सांगितला.

१७ ऑगस्ट
जेवण कमी जातंय. वजन उतरलं, पँट सैल. स्टाफरूममध्ये गजानन म्हणाला, "सर, एवढे का सुकलात?" म्हटलं, साखर सोडली. आता तोही सोडणार आहे.

५ नोव्हेंबर
शौचाला डांबरासारखं काळं झालं. परवा पालक खाल्ला होता. पालक बंद.

११ नोव्हेंबर
नववीत पचनसंस्था शिकवताना फळ्यापाशी कोसळलो. गजाननने गाडीत घातलं.

१३ नोव्हेंबर
रक्त चढवलं. दुर्बीण शेवटी झालीच. एक गाठ बोराएवढी, तिच्यावर जखम. शेजारच्या लिम्फ नोड्समध्येही पसरलंय.
प्रमिला म्हणाली, "पण डॉक्टर, मे महिन्यात क्लिअर होतं ना?"
"मे महिन्यात हे आलेच नाहीत."
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर तिलाच सांगत राहिले. बहुतेकांच्या वाढत नाहीत. यांची एक वाढली. लहान असताना दिसली असती तर दुर्बिणीतूनच काढली असती. आता जठर काढावं लागेल.
मी विचारलं, मार्चच्या परीक्षा झाल्यावर चालेल का? डॉक्टरांनी ऑपरेशनचा कागद प्रमिलापुढे सरकवला.

१४ नोव्हेंबर
प्रमिलाला म्हटलं, तुला काळजी नको म्हणून बोललो नाही. ती म्हणाली, "मी देवापुढे साखर ठेवली होती हो." आणि डबा घासायला निघून गेली.

२८ जानेवारी २०२५
ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा दाखवायला गेलो. जठर नाही आता. थोडं थोडं खायचं, तेही उतरत नाही. नवा स्कॅन झालाय. त्याचा रिपोर्ट ऐकायला प्रमिला एकटीच आत गेली. मला म्हणाली, "तुम्ही इथे बसा." बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने बाहेर आली. डोळे धुतलेले.
"काय म्हणाले?"
"तीन महिन्यांनी परत यायचंय. मी आणेन तुम्हाला."
आणखी विचारायचं होतं. गाडीपर्यंत तिच्या मागे मागे चालत गेलो.
विचारलं नाही.