सहा टाळ्या आणि एक टाच

ती. ताईस, रागानेच का होईना, साष्टांग नमस्कार.

मंगळवार, चार मार्च, तुमच्या घड्याळाने संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तू माझा फोन आपटलास. का, तर 'फिजिओथेरपिस्ट' म्हणताना जीभ अडली! अगं, अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय, जीभ अडणारच. पण धाकट्या बहिणीची कसली लाज?

शाळेतून येताना आपण लांबलचक इंग्रजी शब्दांचे तुकडे पाडायचो, आठवतंय? कॉन्व्हेंटच्या मदरनी शिकवलं होतं तसं, प्रत्येक तुकड्याला टाळी आणि जोर येईल तिथे टाच. आई दारातूनच ओरडायची, "इंग्रजीपायी चपला झिजवा नुसत्या!" आणि तू आणखी जोरात टाच आपटायचीस.

आताही तसंच कर. फि-झि-ओ-थे-र-पिस्ट. सहा टाळ्या, चौथीला टाच. उजवा हात उचलला जात नसेल तर डाव्याने मांडीवर थाप मार. घाई नको, मी फोन धरून बसेन.

इथे परदेशात लेकीकडे माझं छान चाललंय. घर दिवसभर रिकामं असतं, एवढंच. भावोजी गोळ्या वेळेवर देतात ना?

पुन्हा फोन कधी करू, ते एकतीस मार्चच्या आत लेखी कळव. डाव्या हाताचं वेडंवाकडं अक्षर चालेल. सुनेकडून लिहून घेतलेलं उत्तर मी उत्तर मानणार नाही.

तुझी,
धाकटी