तोंडातला लाल दिवा

ताई,

पाया पडते, पण लांबूनच. जवळ असते तर आशीर्वादाच्या निमित्ताने पाठीत धपाटा घातला असतास. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? ते सावकाश कळव, आधी माझं ऐक. फोन का नाही केला म्हणशील. बोलता येत नाही. जिभेवरच्या गाठीला रेडिएशनचा शेक देतात ना, त्यानं तोंड आतून सोलून निघालंय. पाणीसुद्धा तिखट लागतं. घरात शांतता आहे आणि ती सगळ्यांना मानवली आहे. (सासूबाईंची तब्येत सुधारली.) धाकटी जाऊ रोज समोर बसून मला माझे दोष सांगते आणि मी नुसते डोळे वटारते. परवा म्हणते कशी, "आता कसं छान जमतं आपलं."

तर डॉक्टरीणबाईंनी फोडांवर उपाय म्हणून तोंडात उजेड द्यायला घेतलाय. लाल उजेड. डोळ्यांवर काळा चष्मा लावून आ वासून बसायचं, आणि तिथली पोरगी उजेडाची कांडी तोंडात इकडून तिकडे फिरवते. चटका नाही, काही नाही. मी कागदावर लिहिलं, उजेडानं फोड बरे होत असते तर मी उन्हातच आ करून बसले असते. ती म्हणाली, "मावशी, भांडण नंतर लिहा, आधी आ करा." आग कमी झाली की चार घास जातील, हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी. घास नाही गेले तर वजन उतरणार, मग नाकातून नळी, आणि फारच अशक्तपणा आला तर शेक मध्येच थांबवायचा. शेक थांबला की गाठीचं फावलं.

हे सगळं ह्यांना लिहून दाखवलं, तिथंच चुकलं. ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, तुला ठाऊकच आहे. संध्याकाळी हे कुणाच्या तरी सायकलचा मागचा लाल दिवा साबणानं धुऊन, स्वच्छ फडक्यात गुंडाळून घेऊन आले. "दवाखान्यात एकदाच देतात, आपण घरी दोनदा देऊ." मला स्टुलावर बसवलं, स्वतः वेल्डिंगचा चष्मा चढवला. दिवा निघाला उघडझाप करणारा. सासूबाई दारातून म्हणाल्या, "बरं झालं, आता रस्त्यात हिला कुणी धडकणार नाही." मला हसू आलं आणि ओठ फाटला.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, रंग तेवढा सारखा, बाकी काही सारखं नाही. तिथला उजेड मोजून देतात, घरचं काही तोंडात घालायचं नाही. ह्यांचा चेहरा उतरला. "मग मी काय करू?" त्या म्हणाल्या, मऊ, गार, बिनतिखट भरवा. तेव्हापासून दुकान अर्धवट टाकून हे चमचा घेऊन माझ्यासमोर बसतात, आणि मी आ केला की स्वतःही आ करतात. फोड आहेत, पण आग उतरलीय. काल वाटीभर कुस्करलेलं केळं गेलं.

तेव्हा काळजी नको. मुद्दाम यायचं काही कारण नाही, इथं माणसांचा तुटवडा नाही.

तुझी,
सक्तीनं गप्प बसलेली धाकटी

ता. क. : आलीच असतीस तर जावेला उत्तरं देता आली असती. मी डोळे वटारीन, तू बोल. तुला काही शिकवावं लागणार नाही.

आणखी एक : नळीची मला फार भीती वाटते. ह्यांना सांगू नकोस, घाबरले की हे काहीतरी धुऊन आणतात. सोमवारी वजन करायचंय. रविवारी ये.